वर्षाला दोन टक्के म्हणजे नेमकं किती?



रोहिणी, केशवाहिन्या, नीला हा क्रम शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलाय. मेंदूत एखाद्या ठिकाणी मधल्या केशवाहिन्याच नसतात, रोहिण्या थेट नीलांना जोडलेल्या असतात आणि तिथे वाहिन्यांचा वेडावाकडा गुंता होतो. याला डॉक्टर एव्हीएम म्हणतात. एरवी रक्ताचा दाब बारीक वाहिन्यांच्या जाळ्यात उतरत जातो. इथे जाळंच नाही, त्यामुळे तो सरळ नीलेच्या पातळ भिंतीवर येतो. कधीतरी भिंत फुटते आणि मेंदूत रक्तस्राव होतो. बऱ्याचदा हे विशी ते चाळिशीत लक्षात येतं, म्हणजे आपल्याच वयात.

विषय निघायचं कारण म्हणजे एका मित्राच्या बायकोला डोकेदुखीसाठी केलेल्या एमआरआयमध्ये हे निघालं. फुटलेलं नाही, दुसरा काही त्रास नाही, वय ३५. डॉक्टर म्हणाले, "वर्षाला साधारण दोन टक्के धोका." मित्र आपल्यासारखाच कोडवाला, रात्री एक्सेल उघडून बसला. ०.९८ चा तिसावा घात ०.५४५, म्हणजे तीस वर्षांत रक्तस्रावाची शक्यता ४५ टक्के! न्यूरोसर्जन मंडळींचं आयुष्यभराच्या धोक्याचं एक ढोबळ सूत्र आहे, १०५ वजा वय. त्याने उत्तर आलं ७०. तेवढ्यात पुण्याहून त्याच्या आईचा फोन, "काढून टाका रे एकदाचं, डोक्याला ताप नको." (शब्दशः!)

माझं म्हणणं असं की गुणाकार बरोबर आहे, पण त्यात घातलेला आकडा तिचा नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये ६२२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तीन गोष्टींवर बोट ठेवलं: आधी रक्तस्राव झालाय का, गुंता मेंदूत खोलवर आहे का, आणि त्यातलं रक्त फक्त खोल नीलांतूनच बाहेर पडतं का. तिन्ही नसतील तर वर्षाला ०.९ टक्के, तिन्ही असतील तर ३४.४ टक्के. एकाच नावाच्या आजारात जवळजवळ चाळीसपट फरक! ०.९ घालून तीस वर्षांचा हिशोब केला तर उत्तर २४ येतं. तेही दर तीस वर्षं तसाच राहील असं धरून. या सगळ्यांची सरासरी काढून ती एका माणसाला लावणं म्हणजे सर्व्हरचा सरासरी लोड बघून कुठली मशीन पडणार ते सांगण्यासारखं आहे.

रिपोर्टवर स्पेट्झलर-मार्टिन ग्रेड असते, त्यावरूनही गोंधळ होतो. १९८६ पासून चालत आलेली ही एक ते पाचची पट्टी गुंत्याचा आकार, तो मेंदूच्या महत्त्वाच्या भागात आहे का, आणि नीला खोल आहेत का, यावरून ठरते. पण ती सांगते ऑपरेशन किती अवघड जाईल ते. फुटण्याची शक्यता नव्हे! ग्रेड एक बघून निर्धास्त होणारे आणि पाच बघून हातपाय गाळणारे, दोघेही चुकीचा रकाना वाचत असतात.

आता "काढून टाका"चं काय? न फुटलेल्या एव्हीएमवर अरुबा नावाची मोठी चाचणी झाली. ती २०१३ मध्ये मध्येच थांबवली आणि निकाल २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. २२३ रुग्ण, सरासरी ३३ महिने. ज्यांच्यावर ऑपरेशन, एम्बोलायझेशन किंवा रेडिएशन करायचं ठरलं त्यांच्यापैकी ३०.७ टक्के लोकांना स्ट्रोक किंवा मृत्यू आला. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत हेच प्रमाण १०.१. सर्जन लोक यावर चिडले. त्यांचं म्हणणं, त्यात निव्वळ शस्त्रक्रिया झालेले फार थोडे होते, आणि उपचाराचा धोका सुरुवातीलाच भोगावा लागतो, फायदा मात्र पुढची चाळीस वर्षं मिळतो. पस्तिशीच्या बाईला ३३ महिने पुरेसे नाहीत, हे मला पटतं. पण घाई करू नये एवढं तर त्या निकालांवरून नक्की ठरतं. रेडिएशनने गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका असतोच, हेही आधी विचारून घ्यावं.

मला खरी उत्सुकता आहे ती भिंतीच्या आत काय चाललंय याची. आतापर्यंत सगळं प्लंबिंगच्या भाषेत चाललं होतं, दाब आणि नळ. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये एक शोधनिबंध आला. ७२ रुग्णांच्या काढलेल्या एव्हीएमपैकी ४५ मध्ये के-रास या जनुकात बिघाड सापडला. कॅन्सरमध्ये भेटणारं हेच ते जनुक! वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींत "वाढ" हा स्विच चालू स्थितीत अडकून बसतो. रुग्णांच्या रक्तात मात्र हा बिघाड नव्हता, म्हणजे तो जन्मजात अंगभर नाही आणि मुलांकडे जात नाही. मित्राचा पहिला प्रश्न हाच होता. (घराण्यात पिढ्यानपिढ्या वारंवार घोळणा फुटत असेल तर गोष्ट वेगळी. एचएचटी हा आनुवंशिक आजार आहे, त्याची तपासणी करून घ्यावी.)

मग २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने सायन्समध्ये एकेका पेशीचा नकाशाच मांडला. रक्तस्राव झालेल्या गुंत्यांत भिंतीला बळ देणाऱ्या स्नायुपेशी कमी झालेल्या दिसल्या आणि त्यामागे बाहेरून शिरलेल्या एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी होत्या. म्हणजे भिंत नुसती ताणून फुटत नाही, ती पोखरलीही जाते. एमआरआयवर सारखे दिसणारे दोन गुंते आतून अगदी वेगळे असू शकतात ते यामुळेच.

के-रासच्या साखळीत पुढे मेक नावाचं प्रथिन येतं. ते रोखणारी औषधं कॅन्सरसाठी आधीच बाजारात आहेत आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांचा उपयोग दिसलाय. एव्हीएमसाठी ती अजून नेहमीचा उपचार नाहीत, तेव्हा कुणी भारतातून मागवून घेऊ नका.

आणि अचानक, कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, उलट्या, फिट किंवा एक बाजू लुळी पडणं यातलं काहीही झालं तर एक्सेल बंद करून थेट ९११.