रस्त्यावरची पत

आमच्या युवकसंघातील एका मुलाने परवा मला सुनावले, "फादर, ज्याला स्ट्रीट क्रेड नाही, त्याचं रॅप खोटं!" स्ट्रीट क्रेड म्हणजे रस्त्यावरची पत. ज्याने गल्लीतील भूक आणि मार सोसला, त्यानेच गल्लीविषयी बोलावे. या मूळ मागणीशी माझे भांडण नाही. साक्षीदाराने घटना डोळ्यांनी पाहिलेली असावी, एवढेच ती म्हणते. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात हिप-हॉप जन्मले ते याच अधिकाराने.

परंतु पत ठरवतो तो सावकार. येथे सावकार कोण? रस्ता नव्हे! गाणी विकणाऱ्या कंपन्या आणि सुरक्षित घरात बसून ती ऐकणारा ग्राहक. टुपाक शकूर बाल्टिमोरच्या कलाशाळेत नाट्य, काव्य आणि बॅले शिकला होता. नोटोरियस बी.आय.जी. ब्रुकलिनच्या बिशप लॉफ्लिन या आपल्याच कॅथलिक शाळेत काही काळ होता. त्याची आई शिक्षिका होती. दोघांनीही रस्त्याचा दाह सोसला होता, हे खरे. पण बाजाराला बॅले नको होते आणि आईचा खडू-फळाही नको होता. त्याला पिस्तूल हवे होते. सप्टेंबर १९९६ मध्ये लास वेगासला टुपाकवर गोळ्या झाडल्या गेल्या, वय २५. मार्च १९९७ मध्ये लॉस एंजेलिसला दुसरा गेला, वय २४. त्यानंतर सोळाच दिवसांनी त्याचा नवा संग्रह बाजारात आला. नाव होते 'लाइफ आफ्टर डेथ'. तो तडाखेबंद खपला.

आपल्या मुंबईत डिवाइन आणि नेझी यांनी २०१५ साली 'मेरे गली में' गाऊन गल्लीला स्वतःचा आवाज दिला, याचा मला आनंदच आहे. २०१९ साली 'गली बॉय' चित्रपटाने तीच गल्ली वातानुकूलित चित्रगृहांत नेली. आता अशा एखाद्या मुलाने उद्या चांगले घर घेतले, की हेच रसिक म्हणणार, "हा आता पूर्वीचा राहिला नाही." म्हणजे त्याने आमच्या करमणुकीसाठी जन्मभर गळक्या पत्र्याखालीच राहावे काय? (आणि रॅपचे नाव काढताच "गल्लीतली पोरं" म्हणून नाक मुरडणारे आमचे पालकही त्याला त्याच पत्र्याखाली बसवतात, हेही सांगून ठेवतो.)

त्या मुलाचे वडील रोज पहाटेच्या गाडीने वसईहून भाजी घेऊन जातात आणि मुंबईत पदपथावर बसून विकतात. गेली वीस वर्षे तेथे त्यांच्या शब्दावर उधार मिळते. मुलाच्या वहीत पिस्तुलावर तीन गाणी आहेत. बापाच्या टोपलीवर एक ओळही नाही. ती मी त्याच्याकडे मागितली आहे.