‘ऑरेंज’ हा शब्द कुणाचा?

आपल्या नागपूरला सगळे ‘ऑरेंज सिटी’ म्हणतात. दुकानांच्या पाट्यांवर हा शब्द इतका रुळला आहे, की तो इंग्रजी आहे याबद्दल कुणाला शंकाही येत नाही. पण इंग्रजी हा या शब्दाचा पहिला मुक्काम नव्हे, बराच उशिराचा.

शब्द निघाला आपल्याच देशातून. संस्कृतात तो ‘नारंग’, आणि तिथेही तो बहुधा दक्षिणेतल्या द्रविड भाषांमधून आलेला. फारसीत तो ‘नारंग’च राहिला, अरबीत ‘नारंज’ झाला. सुमारे हजार वर्षांपूर्वी अरबांनी हे फळ सिसिली आणि स्पेनमध्ये नेले. तेव्हाचे फळ कडवट होते. स्पॅनिशमध्ये आजही त्याला ‘नारांखा’ म्हणतात. इटली-फ्रान्सकडे जाताना सुरुवातीचा ‘न’ गळाला आणि चौदाव्या शतकात ‘ऑरेंज’ इंग्रजीत पोचला. तोही फक्त फळाचे नाव म्हणून. रंगाला हे नाव मिळाले सोळाव्या शतकात. त्याआधी इंग्रज त्या रंगाला ‘पिवळा-तांबडा’ अशा अर्थाच्या जोडशब्दाने ओळखत.

गंमत पुढेच आहे. गोड संत्रा युरोपात पसरवला पोर्तुगीजांनी, म्हणून आजच्या अरबीत त्याला ‘बुर्तुकाल’ म्हणतात, म्हणजे चक्क पोर्तुगाल! आणि २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला आपला नागपुरी संत्रा? शास्त्रज्ञ त्याला ‘मँडरिन’ म्हणतात. पोर्तुगीजांनी तो शब्द मलय भाषेतून उचलला आणि मलयने संस्कृतातल्या ‘मंत्री’वरून.

हे मी सामान्यज्ञान म्हणून सांगत नाही. ‘तुम्ही मुस्लिम असून मराठी किती छान बोलता!’ हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कौतुकच असते. पण त्या ‘असून’मध्ये एक निकाल दडलेला आहे: ही भाषा मुळात तुमची नाही.

त्या ‘असून’ला रागाने उत्तर देऊ नका, माहितीने द्या. अर्ज, हक्क, कायदा, वकील, तक्रार, खर्च, जिल्हा, शहर, बाजार हे शब्द अरबी-फारसीतून आले. ते काढून टाकले तर तहसील कचेरीचे काम एका दिवसात ठप्प होईल. ‘पेशवा’ फारसी आहे, ‘शाहीर’ अरबी. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. काही रुजले, काही नाही, पण भाषा मराठीच राहिली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख गायले तेही मराठीत. त्यांना कुणाच्या दाखल्याची गरज पडली नाही.

आता थोडे आपल्या घरातले. आपल्यातही ‘मराठी त्यांची’ म्हणणारे कमी नाहीत. अनेक घरांत उर्दू बोलली जाते, आणि मराठी परीक्षेपुरती उरते. याची किंमत आपणच मोजतो. पोलीस ठाण्यातला जबाब, सातबारा, महापालिकेची नोटीस, सगळे मराठीत. ते वाचून घ्यायला आपण दुसऱ्याचे दार ठोठावतो. वस्तीच्या पाण्याचा प्रश्न सभेत निघतो आणि आपली शिकलेली मुले मागच्या रांगेत गप्प बसतात. भाषेवरचा हक्क नुसता सांगून टिकत नाही, तो वापरावा लागतो.

म्हणून तीन छोट्या गोष्टी करा. जनगणनेत मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा विचारल्या जातात. घरात उर्दू असेल तर मातृभाषा उर्दूच लिहा, पण मराठी येत असताना ती रकान्यात नोंदवायला विसरू नका. वॉर्डातली पुढची तक्रार स्वतः मराठीत लिहा, चुकांसकट. आणि आजी-आजोबांकडून घरातले, मोहल्ल्यातले, कारागिरीतले शब्द टिपून आमच्या मराठी पानांसाठी पाठवा.

नारंगला ‘ऑरेंज’ व्हायला कित्येक शतके लागली. आज त्याला कुणी पाहुणा म्हणत नाही, कारण लोक तो रोज वापरतात. आपली मराठीही आपण अशीच रोज वापरायची आहे.