दोन दिवसांचे धुरीण

लोणावळ्याच्या किंवा कर्जतच्या एखाद्या आलिशान विश्रांतिगृहापाशी शुक्रवारी सकाळी तीस-चाळीस तरुण स्त्रीपुरुष बसगाडीतून उतरतात. खर्च कंपनीचा असतो. पहिल्या दिवशी त्यांना वर्तुळात उभे करून टाळ्या वाजवावयास लावतात; डोळे मिटून पाठीमागे पडावयास सांगतात, आणि मागच्या सहकाऱ्याने झेलले म्हणजे 'विश्वास' या गुणाचा पाठ पुरा झाला असे जाहीर करतात. दुपारी पडद्यावर मुंबईच्या डबेवाल्यांची चित्रे येतात, सायंकाळी शिवछत्रपतींची. दुसऱ्या दिवशी सतीश धवन यांची गोष्ट ठरलेली: १९७९ साली एस.एल.व्ही.-३ चे पहिले उड्डाण फसले तेव्हा पत्रकारांसमोर ते स्वतः उभे राहिले, आणि १९८० साली यश आले तेव्हा त्यांनी अब्दुल कलामांस पुढे केले. गोष्ट ऐकून कित्येकांचे डोळे पाणावतात. शनिवारी सायंकाळी प्रत्येकाच्या हाती जाड कागदाचे एक प्रशस्तिपत्र पडते, आणि सोमवारी हीच मंडळी पूर्वीच्याच खुर्चीवर, पूर्वीच्याच धाकात, पूर्वीच्याच वरिष्ठाच्या ईमेलची वाट पाहत बसलेली आढळतात. या सोहळ्यास 'नेतृत्वविकास' असे भारदस्त नाव आहे. आम्ही त्यास फसवणूक म्हणतो. शिबिरात शिकविणारे ती करतात असे नव्हे. ते बिचारे पोटासाठी बोलतात. ती करतात शिकावयास पाठविणारे.

हा विषय वाङ्मयीन मासिकाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांत हे मासिक वाचले जाते त्या घरांतील मुले-मुली दिवसाचे दहा-दहा तास जेथे काढतात, जेथून ती रात्री चिडून किंवा गप्प होऊन परततात, त्या जागेचा विचार साहित्याने करावयाचा नाही तर कोणी करावयाचा? शिवाय प्रश्न शब्दाचाही आहे. 'लीडर' हा शब्द आज कचेऱ्यांतून इतका स्वस्त झाला आहे की, दारावरच्या पाटीपलीकडे त्यास काही अर्थ उरलेला नाही. आमच्या भाषेत त्या अर्थाचा एक जुना शब्द आहे, 'धुरीण'. धुर् म्हणजे जू. धुरीण म्हणजे ते खांद्यावर वाहणारा. ज्याने हा शब्द घडविला त्याने पुढे चालणाऱ्याच्या गळ्यातील हार पाहिला नाही, त्याच्या मानेवरील घट्टा पाहिला.

आता आजच्या कचेरीतील धुरीण पाहा. अठ्ठावीस वर्षांच्या मुलास 'टीम लीड' करतात. घरी पेढे वाटले जातात. हाताखाली आठ माणसे येतात. पण त्या आठांचे पगार तो ठरवीत नाही, नववा माणूस हवा असल्यास तो घेऊ शकत नाही, काम किती दिवसांत व्हावयाचे हे त्याला न विचारताच गिऱ्हाइकास कळविलेले असते. वर्षअखेरीच्या 'अप्रेझल'मध्ये तर त्याची खरी शोभा होते. अमुक टक्के उत्तम, अमुक मध्यम आणि अमुक निकृष्ट ठरलेच पाहिजेत, आलेख घंटेच्या आकाराचा निघालाच पाहिजे, अशी कित्येक कंपन्यांची रीत होती व काहींची अद्याप आहे. या पंथाचे मोठे आचार्य म्हणजे अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे जॅक वेल्श. १९८१ ते २००१ या आपल्या कारकिर्दीत त्यांनी तळच्या दहा टक्क्यांस दर वर्षी निरोप देण्याचा पुरस्कार केला, आणि अर्ध्या जगाने त्यांचे अनुकरण केले. पुढे खुद्द त्या कंपनीने हा पंथ सोडला; अनुकरण करणाऱ्यांपैकी सर्वांस ती बातमी अद्याप पोचलेली दिसत नाही. आठही जणांनी जीव तोडून काम केले असले तरी आमच्या या तरुण धुरिणास त्यांतील एकास निकृष्ट म्हणावे लागते. तो कोणाला म्हणतो? बहुधा जो सर्वांत कमी बोलतो त्याला. मग त्या माणसासमोर बसून, ज्या निर्णयावर स्वतःचा विश्वास नाही तो आपलाच आहे असे त्याला हसतमुखाने सांगावे लागते. ही कला मात्र शिबिरात खरोखरच शिकवितात. तिला 'कठीण संभाषण' म्हणतात.

ज्याच्या हाती निर्णय नाही त्याला निर्णयाची जबाबदारी द्यावयाची, आणि ती त्याला पेलली नाही म्हणजे त्याच्यात नेतृत्वगुण कमी पडले असे म्हणावयाचे, ही युक्ती मालकांच्या दृष्टीने मोठी सोयीची आहे. दोष व्यवस्थेचा न राहता स्वभावाचा होतो, आणि स्वभाव सुधारण्यास दोन दिवसांचे शिबिर पुरते! सतीश धवनांची गोष्ट सांगताना हे कोणी सांगत नाही की, धवन १९७२ पासून इस्रोचे अध्यक्ष होते आणि निर्णय त्यांच्या हाती होते. अपयश शिरावर घ्यावयाचे तर घेतल्यानंतर शीर शाबूत राहील अशी व्यवस्था लागते. टीम लीडने उद्या गिऱ्हाइकासमोर उभे राहून 'चूक माझी' असे म्हणून पाहावे. पुढच्या शिबिरास त्याच्या जागी दुसरा कोणी जाईल.

शिवछत्रपतींविषयी तर आम्हांस अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. महाराजांस 'मॅनेजमेंट गुरू' म्हणण्याची टूम निघाली आहे, आणि व्याख्याते त्यांच्या चरित्रातून सात किंवा दहा सूत्रे काढून विकतात. त्यांपैकी किती जणांनी चिपळूणच्या तळावरील लष्करी अधिकाऱ्यांस लिहिलेले, राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमाराचे ते पत्र शांतपणे वाचले असेल? त्या पत्रात ध्येय, दृष्टी, प्रेरणा यांचा उच्चारही नाही. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणागवत आताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, पाला, भाजी ओढून आणू लागाल, आणि रयतेस मोगलांपेक्षा तुम्ही वाईट वाटाल. गवताच्या गंजीजवळ कोणी आगटी पेटवील, कोणी तंबाखू ओढील. रात्री दिवा तसाच जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, आणि सगळे गवत जळून जाईल. आग कशी लागते याचा एवढा बारकाईने विचार करणारा हा राजा आहे! त्याला ठाऊक आहे की, अधिकाऱ्यास कामात नेमके काय नडणार आहे, आणि ते नडण्यापूर्वीच तो बोलतो. ज्याला हाताखालच्या माणसाच्या कामातील उंदीर आणि वात ठाऊक नाही, त्याने त्याला प्रेरणा देण्याच्या भानगडीत पडू नये असे आम्हांस वाटते. आजच्या वरिष्ठांपैकी कित्येकांस आपली माणसे काय काम करतात हेच सांगता येणार नाही. काम किती टक्के झाले ते मात्र दशांश चिन्हासह सांगता येईल.

अलीकडचे उदाहरण हवे असेल त्याने लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पाहावे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर १९१० साली त्यांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना थाटला. त्यांच्याभोवती जी माणसे जमली त्यांत शाळा अर्धवट सोडलेले होते, परीक्षेत नापास झालेले होते, आणि कारखान्याच्या राखणीस तर दरोड्याची शिक्षा भोगून आलेली माणसे ठेवलेली होती. आजच्या कोणत्याही कंपनीच्या चाळणीतून यांतील एकही खाली उतरला नसता. लक्ष्मणरावांनी त्यांची शिबिरे घेतली नाहीत. त्यांच्या हाती काम दिले, यंत्रे दिली, किल्ल्या दिल्या. राखणदाराच्या हाती किल्ली दिल्यावर निष्ठेवर व्याख्यान देण्याची गरज कोठे उरते?

परंतु या सर्व प्रकरणातील मुख्य मुद्दा वेगळाच आहे, आणि त्यासाठी आम्हांस वाचकांस थोडे दूर, अमेरिकेत न्यावे लागेल. २७ जानेवारी १९८६ ची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडातून 'चॅलेंजर' हे अवकाशयान उडावयाचे आहे, आणि त्या रात्री तेथे पाणी गोठेल अशी थंडी पडणार आहे. यानाच्या अग्निबाणांच्या सांध्यांत रबरी कड्या होत्या, आणि हे अग्निबाण बनविणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांस भीती होती की, थंडीने रबर ताठरले तर सांधा नीट मिटणार नाही व जळता वायू बाहेर पडेल. रॉजर बॉइजोली आणि त्यांचे सहकारी दूरध्वनीच्या सभेत कागद पुढे करून सांगत होते की, सुमारे बारा अंश सेल्सिअसखाली उड्डाण करू नये. कंपनीने प्रथम तसेच कळविलेही. नासाच्या अधिकाऱ्यांस ते रुचले नाही. मग कंपनीच्या मंडळींनी थोडा वेळ मागून घेतला आणि आपापसांत चर्चा केली. त्या चर्चेत एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखास सांगितले की, आता इंजिनिअरची टोपी उतरवा आणि व्यवस्थापकाची चढवा. त्याने ती चढविली. इंजिनिअरांचे मत बाजूस राहिले, होकार गेला, आणि दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी सात माणसे गेली. त्यांत एक शाळेतील शिक्षिका होती.

या सभेत कोणी दुष्ट नव्हते, कोणी मूर्खही नव्हते. ज्याने टोपी बदलली तो स्वतः इंजिनिअरच होता. नेतृत्वाची जेवढी म्हणून बाह्य लक्षणे आहेत, ठामपणा, वेळेचे भान, मतभेद मिटवून एकमुखाने बोलणे, ती सगळी त्या खोलीत हजर होती. नव्हते ते एवढेच की, खालून आलेली वाईट बातमी वरच्याने ऐकून घ्यावी आणि तिच्यासाठी आपले वेळापत्रक मोडावे. आमच्या मते कामाच्या जागी नेतृत्व म्हणून जे काही असेल ते बहुतांशी येथेच आहे. आणि शिबिरांतून वाटतात ती नेमकी दुसरी टोपी.

हे ऐकून घेण्याचे काम केवळ वरिष्ठाच्या सौजन्यावर सोपवून चालत नाही, याचाही दाखला अमेरिकेतच आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. गैरहजेरी, भांडणे आणि सदोष माल यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. १९८२ साली तो बंद केला. १९८४ साली जपानच्या टोयोटा कंपनीशी भागीदारी करून तो पुन्हा उघडला, आणि बहुतेक कामगार पूर्वीचेच घेतले. थोड्याच काळात त्याच कामगारांच्या हातून उत्तम गाड्या निघू लागल्या व गैरहजेरीही घटली. बदलले काय होते? इतर पुष्कळ गोष्टींबरोबर एक दोरी आली होती. कामगाराच्या डोक्यावर ती टांगलेली असे. कामात काही चुकते आहे असे दिसले की त्याने ती ओढावी, तुकडीप्रमुखाने धावत यावे, आणि तेवढ्यात दोष निघाला नाही तर सगळी रांग थांबावी. ती थांबविल्याबद्दल रागवावयाचे नाही. तुकडीप्रमुख म्हणजे हाकेसरशी धावून येणारा माणूस, अशी व्याख्या त्या दोरीने केली. त्या प्रमुखांपैकी कित्येकांस शिकावयास जपानात धाडले होते हे खरे. पण तेथे त्यांना चालत्या कारखान्यात, काम करणाऱ्यांच्या शेजारी उभे केले होते. जनरल मोटर्सला ही रीत आपल्या इतर कारखान्यांत लवकर रुजविता आली नाही. दोरी कोठेही टांगता येते. ती ओढणाऱ्यावर न रागावणारा वरिष्ठ दुकानात मिळत नाही.

येथे आमचे प्रतिपक्षी म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे वजनदार आहे, की सैन्य तर नेतृत्व शिकविते! खडकवासल्याच्या प्रबोधिनीत दुसरे काय चालते? आम्ही हे अवश्य मान्य करतो. किंबहुना आमचा सारा वाद या उदाहरणानेच सिद्ध होतो. खडकवासल्यास तीन वर्षे आणि पायदळात जावयाचे तर पुढे डेहराडूनला एक वर्ष, अशी चार वर्षे घालविल्यावर तो मुलगा पलटणीत जातो. तेथे त्याच्या शेजारी वीस-वीस वर्षे नोकरी केलेला सुभेदार असतो, जो त्याला सलाम करतो आणि शिकवितोही. आपल्या जवानांची नावे, गावे, घरच्या अडचणी त्याला ठाऊक असाव्या लागतात. ते जेवले की नाही हे त्याने पाहावे लागते. आणि प्रसंग आला तर गोळी त्यालाही लागते. लोणावळ्याचे दोन दिवस व त्यानंतरचा तो सोमवार यांच्याशी या चार वर्षांची तुलना करणाऱ्याने निदान हसू तरी आवरावे.

शिबिरे मुळीच नकोत असा आमचा हट्ट नाही. चारचौघांत बोलावे कसे, पत्र लिहावे कसे, दुसऱ्याचे वाक्य मध्येच न तोडता ऐकावे कसे, हे शिकविता येते आणि आमच्याकडे ते शिकविण्याची गरजही फार आहे; ज्या घरांत वडिलांपुढे तोंड उघडण्याची सोय नव्हती त्या घरांतून आलेल्यांस एकाएकी साहेबापुढे 'हे चुकते आहे' असे कसे म्हणता येणार? परंतु ते म्हणावयास शिकविल्यावर, जो म्हणेल त्याचे पुढे काय होते यावर त्या शिकवणीची किंमत ठरते. म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्या तरुणास धुरीण म्हणावयाचे त्याच्या हाती आपल्या माणसांची रजा, कामाची मुदत आणि थोडाफार पैसा द्यावा, आणि अशक्य मुदतीस 'नाही' म्हणण्याचा अधिकार लेखी द्यावा. पहिली दोन वर्षे त्याच्या शेजारी एखादा जुना जाणता मनुष्य बसवावा, आणि त्या मनुष्यास 'खर्चिक' ठरवून पन्नाशीतच घरी पाठवू नये. याला खर्च येईल. विश्रांतिगृहाच्या बिलाहून कदाचित अधिक येईल.

हे लिहीत असतानाच आमच्या परिचयातील एका गृहस्थांच्या कन्येने तिच्या कंपनीच्या आगामी शिबिराची पत्रिका आम्हांस दाखविली. विषय आहे 'निर्भय संवाद'. मुक्काम दोन दिवसांचा, शनिवार व रविवार. खाली बारीक अक्षरांत सूचना आहे: उपस्थिती अनिवार्य असून, गैरहजर राहणाऱ्यांची नोंद वार्षिक मूल्यमापनात घेतली जाईल.