अब्बांना बसवून ठेवू नका

“अब्बा, तुम्ही बसा, आम्ही करतो.” घरातल्या बुजुर्गाला कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स झाला की आपल्या तोंडी हेच येते. आमच्याही घरात आले. सदऱ्याची बटणे आम्ही लावू लागलो, पडतील या भीतीने मशिदीत जाणे थांबवले. काही महिन्यांत अब्बांना खुर्चीतून उठणेही जड झाले. त्यात आजाराचा हात होता, तसा आमच्या खिदमतीचाही होता.

या आजारात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हालचाल मंदावते, अंग ताठते, पावले आखूड पडतात, अक्षर बारीक होते, आवाज बसतो. प्रत्येकाचा हात थरथरतोच असे नाही. आजार मुळापासून जात नाही. गोळ्यांनी त्रास आटोक्यात राहतो. डॉक्टर गोळ्यांसोबत व्यायामही सांगतात. गोळ्या आपण आणतो आणि व्यायाम विसरतो.

मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांना १९८४ मध्ये या आजाराचे निदान झाले. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत त्यांनी थरथरत्या हातांनी साऱ्या जगासमोर पेटवली. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना एकत्र आणते. नृत्यशिक्षक ऋषिकेश पवार यांनी तिथल्या रुग्णांना नृत्य शिकवले. ताल कानावर पडला किंवा समोर रेघ दिसली, की अडलेले पाऊल पुष्कळदा सुटते.

उमापूरसारख्या गावात असा वर्ग कुठून आणायचा? आम्ही शाळेतला खडू आणला आणि मशिदीतल्या सफांसारख्या आडव्या रेघा अंगणात मारल्या. उंबऱ्याशी चिकटणारे अब्बांचे पाऊल रेघ ओलांडू लागले. आता रोज अस्रनंतर “एक, दो, तीन” मोजत, हात हलवत, लांब पावले टाकत चालणे होते. मग खुर्चीतून दहा वेळा उठ-बस. सकाळी मोठ्या आवाजात तिलावत. त्याने आवाजालाही व्यायाम होतो.

काही गोष्टी सांभाळा. व्यायाम डॉक्टरांना विचारूनच ठरवा आणि गोळीचा असर असेल त्या वेळी करा. वळताना जागेवर गिरकी नको, मोठा वळसा घ्यावा. उठल्यावर चक्कर येत असेल तर क्षणभर आधार धरून थांबावे. सजद्यातून उठणे अवघड असेल तर खुर्चीवर नमाजची सवलत आहे, तिची शरम कशाला? रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका. व्यायाम सुरू झाला म्हणून गोळ्या बंद करू नका.

आजारी अम्मी किंवा खाला असतील, तर रस्त्यावर चालायला त्या संकोचतात. त्यांच्यासाठी अंगण, गच्ची आहे. सोबत सुनेने किंवा नातवाने चालावे.

अब्बांचा आजार गेलेला नाही. बटणे लावायला त्यांना दहा मिनिटे लागतात. आम्ही आता थांबतो. जुम्याला मात्र अर्धा तास आधी निघून, नातवाचा हात धरून, ते पायीच मशिदीत जातात.