हातगुण आणि कृपा

रोगी बरा झाला की आपण वैद्याच्या हातगुणाचे कौतुक करतो. बरा झाला नाही की दैवाला बोल लावतो. या वाटणीत वैद्याची मोठी सोय आहे. पण वैद्य स्वतःच श्रद्धाळू असेल आणि यश व अपयश दोन्ही ईश्वराच्या नावे मांडत असेल, तर त्याच्या जबाबदारीचे काय होते? यॉहान हाइनरिश युंग-श्टिलिंग या जर्मन नेत्रवैद्याचे आत्मचरित्र वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही.

श्टिलिंगचा जन्म 1740 मध्ये जर्मनीतील झीगन परिसरातल्या ग्रुंड या खेड्यात झाला. आजोबा कोळसा पाडणारे, वडील शिंपी आणि शिक्षक. घरातील धर्म प्रॉटेस्टंट पंथातल्या भक्तिमार्गी लोकांचा, म्हणजे पिएटिस्टांचा. या लोकांना 'देशातील शांत लोक' म्हणत. 'श्टिलिंग' हे त्याने घेतलेले नाव त्यावरूनच आले. शिंपीकाम, मास्तरकी आणि व्यापाऱ्याकडची नोकरी करून झाल्यावर एका कॅथलिक धर्मगुरूने त्याला डोळ्यांच्या औषधांची हस्तलिखित वही दिली. तिशीत, 1770 मध्ये, तो वैद्यक शिकायला स्ट्रासबुर्गला गेला. तेथे त्याची तरुण गटेशी मैत्री झाली. पुढे एल्बरफेल्डला वैद्यकी करताना आणि नंतर मारबुर्ग आदी ठिकाणी अर्थशास्त्राचा प्राध्यापक असतानाही तो मोतीबिंदू काढीत राहिला. 1817 मध्ये कार्ल्सरुह येथे तो वारला, तोवर अशा शस्त्रक्रियांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली होती. गरिबांकडून तो सहसा पैसे घेत नसे.

त्या काळी हे काम किती धोक्याचे होते, हे ध्यानात घ्यायला हवे. 1750 मध्ये लाइपझिग येथे जॉन टेलर या फिरत्या इंग्रज नेत्रवैद्याने संगीतकार बाखच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. दृष्टी परतली नाही आणि काही महिन्यांतच बाख वारला. गढूळ झालेले भिंग सुईने मागे ढकलण्याची ती जुनी रीत होती. फ्रेंच शल्यवैद्य दाव्हिएल याने भिंग कापून बाहेर काढण्याची पद्धत आणली, ती श्टिलिंगने अंगीकारली आणि 1791 मध्ये तिच्यावर पुस्तकही लिहिले. डोळा बधिर करणारे कोकेन वापरात यायला 1884 साल उजाडावे लागले. तोवर रोगी पूर्ण जागा असे, आणि सारी मदार हाताच्या स्थैर्यावर असे.

हे स्थैर्य श्टिलिंगला प्रार्थनेतून मिळत असे. मात्र 1775 मध्ये फ्रांकफुर्टला, गटेच्याच घरी उतरला असताना, फोन लेर्सनर या प्रतिष्ठित गृहस्थावर त्याने केलेली शस्त्रक्रिया फसली. श्टिलिंग खचून गेला. हा प्रसंग गटेने आपल्या आत्मचरित्राच्या सोळाव्या भागात सांगितला आहे. तो भाग गटेच्या मृत्यूनंतर 1833 मध्ये छापला गेला. तेथे गटेने मित्राच्या श्रद्धेचा आदर राखूनही एक आक्षेप घेतला आहे. माणसाच्या घाईचे वा हलगर्जीपणाचे दुष्परिणाम हीसुद्धा ईश्वराची शिकवणूकच, असे मानणे त्याला पटत नव्हते.

आक्षेप बिनतोड आहे. ज्या हिशेबात जमा आणि खर्च दोन्ही देवाच्या नावे पडतात, तो हिशेब तपासता येत नाही. शिवाय त्यात श्टिलिंगच्या पश्चात्तापाला जागा आहे. अंधच राहिलेल्या लेर्सनरला मात्र दुसऱ्याच्या शिकवणीचे साधन होऊन राहावे लागते.

याचा परिणाम लेखनावरही झाला. आत्मचरित्राचा पहिला भाग श्टिलिंगला न विचारता गटेनेच 1777 मध्ये छापवला. त्यात ईश्वरी योजनेचा पुरावा गोळा करण्याची घाई दिसत नाही. त्यात रान आहे, आजोबांची भट्टी आहे, घरात गायली जाणारी गाणी आहेत, आत्याने सांगितलेल्या गोष्टी आहेत. त्यांतली 'योरिंडे आणि योरिंगल' ही गोष्ट ग्रिम बंधूंनी आपल्या संग्रहात जवळपास जशीच्या तशी घेतली. या घरात प्रार्थना आणि गाणे वेगळे काढता येत नाहीत. श्रद्धेला तेथे वकिलाची गरजच पडत नाही. देवाला न मानणाऱ्या नीत्शेने 1880 मध्ये पुन्हा पुन्हा वाचावीत अशी मोजकी जर्मन गद्य पुस्तके सांगितली, तेव्हा श्टिलिंगच्या आत्मचरित्राचा फक्त पहिला भाग निवडला. पुढच्या भागांत योगायोग साक्षीदार म्हणून उभे केले जातात, आणि गाणे विरत जाते.

तरीही नीत्शेची निवड प्रमाण मानून पुढचे भाग बाजूला ठेवावेत, असे मला वाटत नाही. फ्रांकफुर्टचे अपयश 1789 च्या भागात श्टिलिंगने स्वतः लिहिले आहे, तेही गटेची हकीकत छापली जाण्याच्या चार दशके आधी. केवळ ईश्वराची बाजू जिंकून द्यायची असती, तर हा प्रसंग गाळणे सोपे होते. त्याने तो गाळला नाही. त्याचा सिद्धान्त सांगतो की हे सारे देवाने केले. त्याचे दुःख सांगते की हात माझा होता. साहित्याच्या वाचकाने अशा ठिकाणी सिद्धान्तापेक्षा दुःखावर विश्वास ठेवावा. कृपा कुणाचीही असो, डोळ्यावर टेकलेले पाते धरणारा हात एकाच माणसाचा असतो, आणि श्टिलिंगला ते ठाऊक होते.