पॅनकार्डाची झेरॉक्स कुठे कुठे आहे?

म्हैसूरला निवृत्तांचे शहर म्हणतात. शाळा सुरू झाल्या की इथल्या अनेक घरांत ज्येष्ठ मंडळींचीही एक परीक्षा जवळ येते, आयकर विवरणपत्राची. पगारदार आणि पेन्शनर यांची नेहमीची मुदत ३१ जुलै. पेन्शनचा दाखला, ठेवींच्या व्याजाचे कागद पिशवीत भरून मंडळी करसल्लागाराकडे निघतात. वाटेत पॅन आणि आधारच्या झेरॉक्स काढल्या जातात. एखादी प्रत तिरकी आली तर ती दुकानातल्या टोपलीत पडते. त्या टोपलीचे पुढे काय होते, हे मात्र कुणी विचारत नाही.

कल्याणजवळच्या आंबिवलीतील एका मजुराची हकिगत २०२० च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत आली होती. दिवसाला सुमारे ३०० रुपये मिळवणाऱ्या या माणसाला आयकर खात्याची १ कोटी ५ लाखांची नोटीस आली. चौकशीत कळले की, २०१६ च्या नोटाबंदीच्या काळात त्याच्या नावावरील एका बँक खात्यात ५८ लाख रुपये भरले गेले होते. त्याचे म्हणणे असे की, खाते त्याने उघडलेच नव्हते. पॅन त्याचा, पण फोटो आणि सही दुसऱ्याचीच. हातावर पोट असलेल्या माणसाला मजुरी बुडवून बँक, आयकर कार्यालय आणि पोलीस ठाणे अशा खेपा घालाव्या लागल्या.

असे गरिबाच्याच बाबतीत घडते असे नाही. मार्च २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली. महेंद्रसिंग धोनी, माधुरी दीक्षित अशा प्रसिद्ध व्यक्तींच्या नावे तिने क्रेडिट कार्डे मिळवली होती. युक्ती साधी होती. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे चक्क पॅन! जीएसटी क्रमांक आणि जन्मतारखा दोन्ही इंटरनेटवर सापडल्या.

तात्पर्य, पॅन कुलपात ठेवून गुपित राहत नाही. बँक, घरमालक, म्युच्युअल फंड, सगळ्यांना तो द्यावाच लागतो. म्हणून कार्ड जपण्याइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे आपल्या पॅनवर काय काय चालले आहे, हे दरवर्षी पाहणे.

त्याची सोय आहे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण, म्हणजेच एआयएस, मिळते. बँकेचे व्याज, लाभांश, शेअर्सची विक्री, मोठ्या रोख भरणा, जीएसटीची उलाढाल अशा नोंदी त्यात असतात. बहुतेक जण ते करसल्लागारावर सोपवतात. पण वाचकहो, ‘हे खाते माझे नाही’ हे सल्लागाराला कसे कळणार? ते तुम्हालाच कळेल. विवरणपत्र भरण्यापूर्वी चहाचा कप घेऊन ओळीन् ओळ वाचा. अनोळखी नोंद दिसली तर तिथेच ती नाकारण्याची सोय आहे.

दुसरे, संकेतस्थळावर मोबाइल क्रमांक आणि ई-मेल कुणाचा आहे ते तपासा. अनेकांच्या खात्यात तो सल्लागाराचा असतो. मग नोटीस येते, ती त्यांच्याकडे, आपण निर्धास्त!

तिसरे, झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहा: ‘फक्त अमुक कामासाठी’, तारीख आणि सही. बिघडलेली प्रत फाडून घरी आणा. आधारची प्रत देताना पहिले आठ आकडे झाकलेली चालत असेल तर तीच द्या.

चौथे, फोन आणि संदेश. देशभरातील विवरणपत्रांवर प्रक्रिया करणारे केंद्र बंगळूरला आहे. त्यामुळे ‘बंगळूरहून बोलतोय, तुमचा परतावा अडकलाय’ असे कुणी म्हटले तर म्हैसूरकराला ते सहज खरे वाटेल. पण आयकर खाते फोनवर वा ई-मेलने ओटीपी, पिन किंवा पासवर्ड मागत नाही. खरी नोटीस आहे का, हे पाहण्यासाठी तिच्यावरचा दस्तऐवज ओळख क्रमांक संकेतस्थळावर तपासता येतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून तो क्रमांक देण्याची पद्धत आहे. संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवू नका, पत्ता स्वतः टाइप करा.

पाचवे, आपल्या नावावर कुणी कर्ज तर काढले नाही ना, हे पाहण्यासाठी देशातील चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. प्रत्येक तिमाहीत एकीकडून मागवला तर वर्षभर पहारा राहतो.

आणि घात झालाच तर? पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. बँकेला आणि आयकर खात्याला लेखी कळवा, पोलिसांत तक्रार देऊन तिची प्रत जपून ठेवा. नोटिशीला उत्तर न देणे हे सर्वांत वाईट. ‘माझा संबंध नाही’ हे मनात म्हणून चालत नाही, ते मुदतीत लिहून द्यावे लागते.

शेवटी गृहिणींसाठी एक शब्द. तुमच्या नावे ठेव आहे, पॅन आहे, पण ‘यांनाच सगळं माहीत’ असे असेल, तर या वर्षी तुमचे विवरण तुम्हीच उघडा. सासूबाईंचेही त्यांच्यासमोर बसून वाचून दाखवा. घराच्या हिशेबात पाच पैशांची चूक शोधणाऱ्या नजरेला परके खाते ओळखायला वेळ लागणार नाही.