विसरवाडीत माणसं किती?



आजच्या गावाचं नाव ऐकून तुम्हाला हसू येईल. विसरवाडी! डबा विसरणाऱ्या, वही विसरणाऱ्या, गृहपाठ तर हटकून विसरणाऱ्या मुलांनी वसवलेलं गाव आहे की काय? नाही हं, तसलं काही नाही. उलट या गावाला एकदा जाऊन आलात, तर ते सहजासहजी विसरायचं नाही.

आधी नकाशा उघडा पाहू. महाराष्ट्राच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात नंदुरबार जिल्हा दिसेल. आई-बाबांच्या शाळेतल्या जुन्या नकाशात मात्र तो शोधू नका, कारण हा जिल्हा धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. सुरतहून धुळ्याकडे येणारा महामार्ग याच जिल्ह्यातून महाराष्ट्रात शिरतो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. आधी लागतं नवापूर. तिथल्या रेल्वे स्टेशनात एक बाक आहे, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत! नवापूर सोडून धुळ्याच्या दिशेने निघालं की विसरवाडी येते आणि तिच्यापुढे कोंडाईबारीचा घाट. इथूनच खांडबाऱ्यावरून नंदुरबारकडे जाणारा रस्ता फुटतो. थोडक्यात, विसरवाडी हे नवापूर तालुक्यातलं फाट्यावरचं गाव.

फाट्यावरचं गाव कसं असतं ते तुम्ही पाहिलंच असेल. ट्रक, टायरवाले, गॅरेज, चहाच्या टपऱ्या आणि एसटीची वाट पाहत बसलेली माणसं. आसपासच्या पाड्यांवरचे लोक दवाखान्याला, बाजाराला, शाळेला इथेच येतात. मग याला शहर म्हणायचं का? नाही. इथला कारभार ग्रामपंचायतीचा. जनगणनेच्या हिशेबात एखादं गाव शहर ठरायला तीन अटी असतात. लोकवस्ती किमान ५,००० हवी. एका चौरस किलोमीटरमध्ये किमान ४०० माणसं हवीत. आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीखेरीज दुसऱ्या कामात हवेत. या तिसऱ्या अटीपाशीच आपल्याकडची बरीच मोठी गावं अडकतात, बरं का! कारण दुकानं कितीही वाढली, तरी लोकांचं पोट शेतावर आणि मजुरीवरच असतं.

आता डोळे मिटा आणि या भागातल्या आठवडे बाजारात उभे आहात असं समजा. भात, तूर, मका, मिरच्या, मोहाची फुलं. पण वस्तूंपेक्षा मजा आहे ती कानांची. इकडे मावची ऐकू येते, तिकडे कोकणी. थांबा, ही रत्नागिरी-गोव्याकडची कोकणी नव्हे हं! ही डोंगरातल्या कोकणा आदिवासींची बोली. मधूनच अहिराणी कानावर पडते. तिच्यात मुलाला ‘आंडोर’ म्हणतात आणि मुलीला ‘आंडेर’. व्यापाऱ्याची गुजराती, ट्रक ड्रायव्हरची हिंदी आणि शाळेतल्या पाटीवरची मराठी. इथली कितीतरी माणसं एका दिवसात चार भाषा बोलतात, आणि त्यासाठी कुठलीही परीक्षा दिलेली नसते.

ही माणसं आहेत तरी कोण? आपण एक खेळ खेळू. सगळ्या नंदुरबार जिल्ह्याचं १०० माणसांचं एक गाव करू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती. तिचं १०० माणसांचं गाव केलं, तर त्यात ६९ जण आदिवासी निघतील. साऱ्या महाराष्ट्राचं असंच गाव केलं, तर त्यात आदिवासी असतील फक्त ९! नवापूर तालुक्यात तर हे प्रमाण जिल्ह्यापेक्षाही जास्त आहे. नंदुरबारच्या या १०० जणांत ८३ जण खेड्यात राहणारे आणि १७ शहरात.

आता साक्षरता. सात वर्षांवरच्या दर १०० जणांत नंदुरबारमध्ये ६४ जणांना लिहिता-वाचता येत होतं. राज्यात ८२ जणांना. ‘बघा, मागासलेला जिल्हा!’ असं लगेच म्हणू नका. आणखी एक आकडा ऐका. नंदुरबार जिल्ह्यात १,००० पुरुषांमागे ९७८ स्त्रिया होत्या. राज्यात मात्र ९२९. मुलगी नको म्हणण्याची शिकल्या-सवरलेल्या भागांतली वाईट खोड इथे कमी दिसते. मग या बाबतीत कोणी कोणाकडून शिकायचं? आई-बाबांना विचारून पाहा.

आणि आता येतो आजचा खरा प्रश्न. गावात माणसं किती?

‘त्यात काय, मोजायची!’ तुम्ही म्हणाल. पण केव्हा मोजायची?

पावसाळ्यात पाड्यांवर गेलात, तर सगळी माणसं शेतात भेटतील. भात लावताहेत, निंदताहेत. दिवाळीच्या सुमाराला भात घरात आला की पुढे काम नसतं, कारण बऱ्याच जणांची शेती पावसावरची. मग मुकादम येतो. तो ‘उचल’ देतो, म्हणजे आगाऊ पैसे. आणि घरंच्या घरं ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला निघतात. कोणी बारडोलीकडे, गुजरातेत, कोणी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या जिल्ह्यांत. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात ‘एक कोयता’. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून वाहते. दोन माणसं, चार हात, पण मुकादमाच्या वहीत आकडा एकच! आणि सोबत गेलेली मुलं? त्यांचा तर त्या वहीत आकडाच नाही. तीच मुलं शाळेच्या हजेरीपटावर मात्र महिनोन् महिने ‘गैरहजर’ असतात.

आता जनगणनेची वही पाहू. २०११ मध्ये प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माणसं मोजणारे बहुतेक गुरुजी आणि बाईच, ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत हिंडले. नियम असा होता, की या दिवसांत माणूस थोडे दिवस तरी आपल्या नेहमीच्या घरी असला, तर त्याला घरी मोजायचं. पण सगळे दिवस बाहेरगावी असला, तर तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. आणि फेब्रुवारी महिना म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम! म्हणजे पाड्यावरच्या एखाद्या घराला कुलूप असेल, तर त्या घरातली माणसं त्या पाड्याच्या हिशेबात यायचीच नाहीत. ती उसाच्या फडावरच्या झोपडीत मोजली जाणार. तेही प्रगणक त्या झोपडीपर्यंत पोचला तर!

या भागातले बरेच मजूर होळीला घरी येतात. होळी हा आदिवासींचा सर्वांत मोठा सण, त्यासाठी कितीही लांबून माणसं परततात. ढोल वाजतात, पाडे पुन्हा भरतात. २०११ ची होळी केव्हा होती, ठाऊक आहे? १९ मार्चला. आणि मोजणीच्या वह्या ५ मार्चलाच मिटल्या होत्या. दोन आठवड्यांची चुकामूक!

‘मोजलं काय अन् न मोजलं काय, फरक काय पडतो?’ असं कोणी म्हणेल. पडतो तर! आदिवासी भागासाठीचा सरकारी निधी लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायचा, असं राज्याचं धोरण आहे. आरोग्य केंद्र कुठे हवं, निवडणुकीत किती जागा राखीव ठेवायच्या, हेही लोकसंख्या पाहूनच ठरतं. वहीतून सुटलेलं एक कुटुंब म्हणजे या सगळ्या हिशेबांतून सुटलेलं कुटुंब.

गंमत पाहा, देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तोही याच जिल्ह्यात. २९ सप्टेंबर २०१० रोजी, टेंभली या गावी. क्रमांक मिळाला म्हणजे माणसाला नाव-गाव मिळालं. पण तो माणूस वर्षातले कोणते महिने कुठे काढतो, हे त्या क्रमांकावरून कळत नाही.

तसंच भाषेचं. जनगणनेत एक प्रश्न असतो, ‘तुमची मातृभाषा कोणती?’ मावची आणि कोकणी या बोली जनगणनेच्या तक्त्यात ‘भिली’ या मोठ्या गटात येतात. २०११ मध्ये देशभरात हा गट सांगणारे एक कोटी चार लाखांवर लोक होते. पण घरात मावची बोलणारी माणसंसुद्धा कधी कधी संकोचाने ‘मराठी’ असं सांगून टाकतात. त्यांना वाटतं, आपली बोली ती काय सांगायची! मग कागदावर बोलणारे कमी होतात आणि पहिलीतल्या पोराची अडचण कोणाला दिसत नाही. ते पोर घरात मावची बोलतं आणि शाळेत त्याला पहिल्याच दिवशी मराठी पुस्तक मिळतं. तुम्हाला पहिलीत अचानक तमिळ पुस्तक दिलं असतं तर?

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख सरकारने जाहीर केली आहे, १ मार्च २०२७. मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, होळी पुन्हा मार्चच्या उत्तरार्धात. म्हणजे कोडं तेच आहे. ते तुम्ही कसं सोडवाल? फडावर प्रगणक आधीच पाठवायचे? मुकादमाची वही मागवायची? की साखर कारखान्यांनाच मजुरांची यादी द्यायला लावायची? विचार करा.

आता या आठवड्याचा उद्योग. तुमच्या वर्गात किंवा गल्लीत दहा घरं निवडा. एका वहीत तीन रकाने पाडा. घरात पावसाळ्यात किती माणसं असतात? फेब्रुवारीत किती असतात? आणि घरात आजीशी कोणती भाषा बोलतात? तिसऱ्या रकान्यात शाळेची भाषा लिहायची नाही, खरीखुरी घरातलीच लिहायची. तुमच्यापैकी कोणी नवापूर-विसरवाडीकडचे असाल, तर अजिबात न लाजता मावची किंवा कोकणी लिहा. आणि वर्गात एखादा बाक नोव्हेंबरपासून रिकामा असेल, तर त्या मित्राचं नावही वहीत लिहून ठेवा. होळीला तो परत आला, की मधल्या काळातला अभ्यास त्याला तुम्हीच द्यायचा आहे.

वही भरली की आम्हाला पत्राने कळवा. विसरणार नाही ना?